सावलीचं अंदाजपत्रक

विजयनगरच्या धावपट्टीवर दिवसाला विमानं किती उतरतात
ते एका हाताच्या बोटांवर मावतं.
गाड्या मात्र असतात.
शिकाऊ वैमानिकांच्या, त्यांना सोडायला आलेल्या बापांच्या,
आणि नुसतं विमान बघायला
ओगलेवाडीहून सहकुटुंब आलेला एखादा टेम्पो.

पार्किंगमध्ये उन्हाला अडवणारं एकच होतं,
शिरीषाचं झाड.
त्याखाली गाड्या चार मावायच्या, भांडणं अकरा.

किल्ल्या हिंदुराव शेवाळ्यांकडे.
सावली सरकली की गाडी सरकवायची,
गाडीमागे दहा रुपये.
सकाळी कुंपणाकडे, भर दुपारी बुंध्याशी,
मग टाकीच्या बाजूला.
तासातासाची एकेक वीट त्यांनी जमिनीत पुरली होती.
मोजपट्टी घेऊन मी पहिल्यांदा आत आले
ती अकराच्या विटेला ठेचकाळत.

मी कंत्राटदाराची ज्युनिअर इंजिनिअर.
बावीस खांब, तोंड दक्षिणेला, कल सतरा अंश,
उंची साडेचार मीटर, कारण आत रुग्णवाहिका यायला हवी.
सदाशिवगडाकडून वारा सुटला की किती ओढतो
हे तक्त्यात होतं,
पण खरं कळलं ते हँगरमागे पडलेल्या
कागदासारख्या चुरगळल्या पत्र्यांवरून.

आणि चकाकी.
उतरणाऱ्याच्या डोळ्यात काच चमकता कामा नये,
म्हणून वर्षातला मिनिटामिनिटाचा सूर्य
मी स्क्रीनवर उगवला आणि मावळवला.
परवानगीचं पत्र यायला त्याहून जास्त वेळ लागला.

एकवीस डिसेंबर, दुपारचे तीन:
शिरीषाची सावली तिसऱ्या रांगेवर,
अठरा पॅनल काळे.
शेऱ्यात लिहिलं होतं, झाड काढावे.

नकाशा हिंदुरावांनी आधी उलटा धरला, मग सुलटा,
मग चप्पल काढून एका विटेवर उभे राहिले.
"तीनची वीट ही. डिसेंबरात सावली हितवर येती.
तुमची पाच हात फुडं पळालीया, मॅडम.
झाडाची उंची मोजली कुणी?"

कुणीच नाही. उपग्रहाच्या फोटोवरून धरली होती.

मग दोरी आणली, कोनमापक आणला.
वेल्डर दस्तगीर शिकलगार काच वर करून
अर्धा तास हसत उभा.
अठराचे सहा झाले.
सहा पॅनल मी गाळले. झाड राहिलं,
आणि छतात एक भोक, पडक्या दातासारखं.

छत झालं. चाळीस गाड्यांना सावली,
फुकट, सगळ्यांना सारखी.
सरकली तरी शेजारणीवर जाते
आणि पलीकडची हिच्यावर येते.
हिंदुरावांच्या खिशात किल्ल्या वाजेनाशा झाल्या.
अंदाजपत्रकात मी तो रकाना शोधला.
सळई होती, सिमेंट होतं, किरकोळ होतं.

नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली.
गळिताची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते,
तशी काचेवरही बसली.
मीटरचे आकडे उतरत गेले.
पुण्याच्या ऑफिसनं इन्व्हर्टरवर संशय घेतला,
सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.
शनिवारीच हिंदुराव शिडी लावून चढले,
पॅनलवरून बोट फिरवलं, माझ्यासमोर धरलं.
"साखर," म्हणाले.

आता पहाटे पाचला ते वर असतात,
फडकं, लांब दांड्याचं रबर, बादली.
पाणी कोयनेचं. वीज करायची त्याला सवयच आहे.
पॅनलमागे तीन रुपये ठरले होते,
भांडून मी चार केले.

त्या चार गाड्या अजून भोकाखालीच लागतात.
टपावर शिरीषाची फुलं पडतात म्हणून कुरकुरतात,
आणि तिथेच लागतात.

झाड वाढतं आहे.
पुढच्या डिसेंबरात सहाचे सात होतील,
आठही होतील, मी हिशेब केला आहे.
हिंदुरावांना सांगायला गेले
तर त्यांनी तीनच्या विटेपुढे, वीतभर अंतरावर,
नवी वीट पुरून ठेवली होती.